तांब्याच्या पत्र्यावरला स्वार

२ फेब्रुवारी १६५६, अँटवर्प

आज मेणबत्त्यांचा सण. चर्चमधून आणलेली मेणबत्ती माझ्या बायकोने, मायकेनने, दाराशी लावली आणि ती लगेच विझली. तिने पुन्हा लावली, पुन्हा विझली. ती म्हणाली, वारा आहे, दुसरं काय असणार. मला मात्र ते बरं वाटलं नाही.

छातीत धडधड होते आणि ती कुणाला सांगू लागलो की ऐकणारा कंटाळतो, म्हणून लिहायला बसलो. शाळा माझी अर्धवट राहिली. अक्षर बरं आहे, कारण चित्राखालच्या पदव्या कोरून कोरून हात वळला आहे; पण लांब वाक्यात शिरलो की बाहेर पडता येत नाही. कागद म्हणजे तांब्याच्या पत्र्यावरून छापताना बिघडलेल्या चित्रांच्या, म्हणजे ठशांच्या, पाठी. आमच्या घरात त्यांना तोटा नाही. या ओळींच्या खालूनसुद्धा घोड्याचे मागचे पाय पुसट दिसताहेत.

सुसानाबाई आज स्वतः आल्या. शहरातली अर्धी चित्रं त्यांच्या दुकानातून विकली जातात, आणि नवऱ्याच्या मागे त्यांनी ते दुकान नवऱ्याहून चांगलं चालवलं आहे. स्पेनच्या राजाने आमच्यावर नवा सुभेदार नेमला आहे. उन्हाळ्याच्या तोंडाशी त्याची स्वारी शहरात येईल, कमानी उभ्या राहतील, आणि त्या दिवशी त्याचं घोड्यावरचं चित्र प्रत्येक कचेरीत आणि खानावळीत टांगलेलं असलं पाहिजे.

“घोडा तोच,” त्या म्हणाल्या. “डोकं तेवढं बदलायचं, उस्ताद. तुम्हाला काय त्यात नवीन?”

नवीन काहीच नाही. हे चित्र ज्यावर कोरलं आहे तो तांब्याचा पत्रा मी केला तेव्हा त्यावर आधीच्याच्या आधीचा सुभेदार बसला होता. तो गेला आणि दुसरा आला. मी पहिल्याचं डोकं खरवडून काढलं, पत्रा पाठीमागून ठोकून पुन्हा सपाट केला, ओपणीने घासून आरशासारखा केला आणि तिथे दुसऱ्याचं डोकं बसवलं. चिलखत तेच, बूट तेच, गळ्यातला पट्टासुद्धा तोच. आमच्या धंद्यात सगळे असंच करतात. मागच्या पायांवर उभा राहिलेला घोडा, खाली दूरवर लढाई, वर ढग, हे सगळं दर सुभेदाराला नव्याने कोण करील? आणि लोकही डोक्याकडे फारसं बघत नाहीत. घोडा उभा आहे आणि वरचा माणूस पडत नाही, एवढं दिसलं की टोप्या काढतात.

पत्रा पेटीतून काढला. कडेला हिरवट डाग पडला आहे. आता त्या डागाची काळजी.

५ फेब्रुवारी

सुभेदाराचे चिटणीस येऊन गेले. तरुण माणूस, अंगाला संत्र्याच्या फुलांचा वास. जिना चढताना त्यांनी रुमाल नाकाशी धरला होता. आमच्या घरात तेजाबाचा वास भिंतीत मुरला आहे, त्याला मी काय करू. सुसानाबाई त्यांच्या मागे उभ्या राहून मला खुणा करत होत्या की जास्त बोलू नका.

भिंतीवर पहिला ठसा लावलेला आहे, पत्रा नवा असतानाचा. चिटणीस त्याच्यासमोर बराच वेळ उभे राहिले. म्हणाले, चेहरा सोडा, पण ही बैठक बघा. असं बसणं कुणाला शिकवता येत नाही, ते रक्तातच असावं लागतं. मी मान हलवली. मग ते जवळ गेले.

“हे बोट असं का?”

मी विचारलं, कसं?

“आकड्यासारखं. लगाम धरलाय त्या हाताची करंगळी. आमच्या साहेबांचे हात सगळ्या माद्रिदला माहीत आहेत. हे सरळ करा.”

इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. दोन सुभेदार त्या बोटासकट राज्य करून गेले.

ते बोट आमच्या आर्नाउटचं आहे. सुभेदार माझ्यासारख्याकडे येऊन बसत नाहीत. त्यांच्या चेहऱ्याचं रेखाटन येतं, बाकीचं अंग आपण कुठून तरी आणायचं. मुलगा तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. लाकडी घोडीवर बिअरचं पिंप आडवं बांधलं, शेजारच्या लोहाराकडून चिलखत मागून आणलं आणि त्याला वर चढवलं.

आमच्या कामात सगळं उलटं असतं. पत्र्यावर जे उजवीकडे ते कागदावर डावीकडे उमटतं. पण राजाचा लगाम डाव्या हातात हवा, अधिकाराचा दंड उजव्या हातात हवा आणि तलवार डाव्या कमरेला हवी, नाहीतर बघणारे हसतात. म्हणून मी आर्नाउटला उलटा बसवला. लगाम उजव्या हातात, दंड डाव्या हातात, तलवार उजवीकडे. जसा दिसला तसा पत्र्यावर घेतला, आणि कागदावर तो राजासारखा सुलटा उतरला. त्याच्या पायांना मुंग्या यायच्या. म्हणायचा, “बाबा, उलट्या हाताने राज्य करणं फार अवघड आहे हो.” मायकेन जिन्यात बसून वाटाणे सोलायची आणि हसायची. खरी बैठक ती. पिंपावरची.

करंगळी लहानपणी छापण्याच्या यंत्राच्या चाकात सापडली होती. तेव्हापासून ती आत वळलेली. मी ती जशी होती तशी घेतली, दुसरी कशी घेणार.

पुढे तो खऱ्या घोडदळात गेला. दोन वर्षं निरोप येत राहिले. मग दक्षिणेत फ्रेंचांशी मोठी लढाई झाली आणि निरोप थांबले. फ्रेंच लोक कैद्यांना फार लांब नेतात असं म्हणतात. तिथून माणूस सुटून चालत यायला वेळ लागतोच.

निरोप थांबल्यापासून मायकेन कारखान्यात पाऊल ठेवत नाही. जेवण जिन्यात ठेवून हाक मारते.

६ फेब्रुवारी

झोप नाही. बोट सरळ केलं आणि उद्या आर्नाउटने कुठल्या तरी खानावळीत ते चित्र पाहिलं, तर त्याला काय वाटेल? आतापर्यंत मी असं धरून चाललो होतो की तो कुठेही असला तरी भिंतीवर आपलं बोट बघतो आणि त्याला कळतं की घर आहे, बाबा अजून छापताहेत.

१५ फेब्रुवारी

आज सगळं नीट लिहून ठेवतो, कारण आज देवाने माझ्याकडे पाहिलं.

दुपारी एक लंगडा माणूस आला. योस नावाचा, पूर्वी सैन्यात होता, डावा पाय गुडघ्याखाली लाकडाचा. सुसानाबाईंच्या दुकानाबाहेर टांगलेलं आमचं चित्र पाहून त्याने आत काहीतरी विचारलं, आणि त्यांनी त्याला माझा पत्ता दिला. खुर्चीवर बसायलाच तयार नव्हता. टोपीशिवाय होता, एवढ्या थंडीत. टोपी हातात कुस्करायची सवय असावी, कारण हात रिकामेच चाळवत होते.

“लढाईनंतर मी खड्डे खणायला होतो, बाबा,” तो म्हणाला. “तेव्हा पाय होता.”

मग त्याने सांगितलं. पवनचक्कीजवळ पॉप्लरच्या झाडांची रांग होती, तिथे एक घोडेस्वार पडला होता. त्याला डोकं नव्हतं. तोफेचा गोळा. कोण ते कुणालाच ओळखता येईना. हात मात्र धड होते. त्याने स्वतःची करंगळी आत वाकवून मला दाखवली. “अशी. चित्रात तीच दिसली, म्हणून म्हटलं जाऊन सांगावं. घरच्यांना कळलेलं बरं.”

माझे कान बंद झाले. त्याचे ओठ हलताना दिसत होते. त्याला मध्येच तोडून मी विचारलं, “कुठल्या हाताची?”

“उजव्या. मीच तो हात छातीवर ठेवला ना.”

उजव्या. मी उठलो आणि भिंतीवरचा ठसा खिळ्यासकट ओढून काढला. त्याच्यासमोर टेबलावर पसरला. लगाम डाव्या हातात आहे, आणि वाकडी करंगळी त्याच हाताची आहे. आंधळ्यालाही दिसेल.

“हे बघ,” मी म्हटलं. “डावा. आमच्या मुलाचा डावा हात. तू म्हणतोस तो दुसरा कुणीतरी.”

योसने कागदाकडे पाहिलं. मग माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं; मायकेन जिन्यात येऊन उभी होती. पुन्हा कागदाकडे पाहिलं.

“मग दुसरा असेल, बाबा,” तो म्हणाला. “वाकड्या बोटाची माणसं पुष्कळ असतात.”

मी त्याला बिअर दिली, खारवलेली हेरिंग मासळी दिली, पाव दिला. त्याला फारसं खाववलं नाही, बिचाऱ्याला एवढा लांबचा फेरा फुकट पडला म्हणून वाईट वाटलं असेल. मी मात्र खूप बोललो. आर्नाउट लहान असताना शाईच्या मडक्यात मांजराचं पिल्लू कसं पडलं ते सांगितलं आणि मीच मोठ्याने हसलो. त्याला कोपऱ्यापर्यंत पोचवायला मायकेन गेली. ती बराच वेळ आली नाही. अंगावर शाल नव्हती, आता खोकला धरणार.

त्या पॉप्लरखालच्या मुलाचे आईबाप कोण असतील? त्यांना अजून काही ठाऊक नाही. फार वाईट वाटतं.

२१ फेब्रुवारी, सोमवार

मायकेन सकाळी मासळी आणायला म्हणून गेली आणि मासळीशिवाय आली. म्हणाली, चांगली नव्हती. सोमवारी बाजारात मासळी चांगली नसते हे तिला इतक्या वर्षांत माहीत नाही?

शिवाय तिने आपला निळा घागरा काळ्या रंगात बुडवला. परसात पातेलं उकळत होतं, त्या वासाने माझं डोकं चढलं. धडधाकट निळा घागरा. मी म्हटलं, आपल्यावर एवढी वेळ आली आहे का? ती म्हणाली, “डाग पडले होते. काळ्यात दिसत नाहीत.” मी तो घागरा उन्हात पाहिलेला आहे. एकही डाग नव्हता. म्हातारपणी बायका चिक्कू होतात, तसं असेल.

आर्नाउटच्या खोलीला चुना द्यायचं मी काढलं. ती म्हणाली, पाऊस संपू द्या.

२९ फेब्रुवारी

उद्यापासून ईस्टरपर्यंतचा लांब उपास, म्हणून आज वॅफल. पोट बिघडणार हे माहीत असून खाल्ले.

मला एक गोष्ट कळून चुकली आहे आणि ती इथेच लिहितो, कारण तोंडाने बोलण्याचा धीर नाही. माझं काही खरं नाही. सगळ्यांना ते माहीत आहे, फक्त मला सांगत नाहीत. पुरावे सांगतो. एक, सुसानाबाई काल आल्या होत्या. पत्रा अजून तसाच आहे हे पाहून त्या एरवी घर डोक्यावर घेतात. काल म्हणाल्या, “सावकाश होऊ दे, उस्ताद. तुमच्या सवडीने करा.” सुसानाबाई आणि सवड! दुसरं, पाद्रीबाबांनी रस्त्यात माझा हात दोन्ही हातांत धरला आणि काही न बोलता सोडला. तिसरं, मायकेन माझ्यावर ओरडत नाही. परवा मी तेलाचा बुधला लाथेने उलटा केला, तरी ती फक्त फडकं घेऊन आली. म्हणजे मागच्या महिन्यात वैद्याने माझी नाडी पाहिली, ती पाहून बाहेर जाऊन तिच्याशी काहीतरी बोलला असणार.

शेवटी न राहवून तिला विचारलंच, “मी मरणार आहे का?”

“सगळेच मरणार आहेत,” ती म्हणाली. “वॅफल गार होतंय.”

तिचे डोळे लाल होते. चुलीचा धूर, म्हणाली.

आर्नाउट येईपर्यंत तरी टिकलं पाहिजे.

९ मार्च

डोकं काढायला घेतलं. बाकीच्या पत्र्यावर ओरखडा पडू नये म्हणून त्यावर नमद्याचे, जाड दाबलेल्या लोकरीचे, तुकडे टाकून बांधले आणि डोक्यापुरतं चौकोनी भोक ठेवलं. जुना सुभेदार त्या भोकातून माझ्याकडे बघत होता. खरवडणीने आधी मिशा जातात, मग डोळे. डोळे खोल असतात, तेजाबाने तिथे जास्त खाल्लेलं असतं. नाक जाईपर्यंत माणूस कोण ते ओळखू येतं.

नऊ वर्षांपूर्वी याच सुभेदाराच्या स्वारीला तोफा उडाल्या होत्या आणि कारंज्यातून दारू वाहिली होती. माझ्या मांडीवर तांब्याचा कीस पडला, तो मी झटकला. मग वाटलं, एवढ्या मोठ्या माणसाला असं झटकू नये, म्हणून झाडूने गोळा करून ठेवला.

पत्रा आता दमला आहे. दर ठशाला रेषा थोड्या झिजतात. पहिल्या ठशात घोड्याच्या आयाळीतला केस न् केस दिसतो. अलीकडच्यात आयाळ धुरासारखी दिसते. बोट अजून स्पष्ट आहे, कारण दर वेळी यंत्रावर चढवण्याआधी मी त्याच्या रेषा टोकदार सुईने थोड्या खोल करतो. हे सुसानाबाईंना माहीत नाही.

२० मार्च, सोमवार

मायकेन पुन्हा मासळीशिवाय. या वेळी तिच्या बाहीवर मेणाचे थेंब होते, मेणबत्तीचे. म्हणजे ती चर्चमध्ये जाते. माझ्या आयुष्यासाठी नवस बोलली असणार. मला फार भरून आलं. तिला काही दाखवलं नाही. मेण मी रात्रीच्या जेवणाआधी नखाने काढून टाकलं, ती बाही माझ्यासमोर धरून उभी राहिली, लहान मुलासारखी.

२८ मार्च

डोक्याची जागा सपाट झाली. ठोकून ठोकून मनगट सुजलं आहे. घासण्यात कुठे उंचवटा राहिला का, ते पाहायला एक ठसा काढावा लागतो, म्हणून शाई भरली, कागद भिजवला, रुळातून फिरवला.

कागद उचलला आणि हातातून सोडला. घोडा उधळलेला, चिलखत चमकतंय, हातात दंड, आणि मानेच्या वर काही नाही. पांढरं. ढगसुद्धा तिथे संपतात. असा ठसा मी पूर्वीही काढला आहे, मागच्या बदलाच्या वेळी. तेव्हा त्याकडे फक्त कारागिराच्या नजरेने पाहिलं होतं. आज योस आठवला. त्याला डोकं नव्हतं, तो म्हणाला होता.

मी त्या हाताकडे पाहिलं. डावा. कागदावर डावा आहे. मी स्वतःला तीनतीनदा सांगितलं. मग ठसा वाळायला न टाकता कपाटामागे सारून ठेवला. मायकेनने पाहायला नको.

४ एप्रिल

आज बोट.

जितकं पुढे ढकलता आलं तितकं ढकललं. नव्या डोक्याचं रेखाटन आलं आहे, पण आधी हात नीट करून दाखवा असं चिटणिसांनी कळवलं. सकाळी उठून खिडकीखाली पाट मांडला. ठसा काढल्यावर पत्र्यावर पुन्हा बांधलेले नमदे सोडले. शाई आणि पत्रा हिरवा पडू नये म्हणून फासलेलं मेण तेलाने धुऊन काढलं, मऊ फडक्याने पुसलं. ऊन चांगलं होतं. कित्येक महिन्यांनी तो पत्रा पूर्ण उघडा आणि स्वच्छ माझ्यासमोर होता.

खरवडल्यावर पत्रा कुठे ठोकायचा ते मागच्या बाजूला नेमकं दाखवायला परकार लागतो. परकाराचं एक टोक मी त्या करंगळीवर ठेवलं.

लगाम उजव्या हातात होता.

मी परकार खाली ठेवला. पुन्हा पाहिलं. पिंपावर बसलेला आर्नाउट समोर होता, जसा मी त्याला पाहिला होता तसा, तलवार उजव्या कमरेला, दंड डाव्या हातात, आणि उजव्या हाताची करंगळी आत वळलेली. उलट्या हाताने राज्य करणं फार अवघड आहे हो.

साठ वर्षं होत आली, मी हेच करतो आहे. पोरवयापासून. उजवं डावं होतं, डावं उजवं होतं, झोपेतसुद्धा मला कळतं. अक्षरंसुद्धा मी उलटी कोरतो. आणि त्या दिवशी मी कागद ओढून काढला. पत्रा त्याच खोलीत होता. पेटीचं झाकण तेवढं उघडायचं होतं.

पुढे काही केलं नाही. ऊन सरकून गेलं. जेवणाची हाक आली, मग पुन्हा आली.

५ एप्रिल

काल जेवायला खाली गेलो नाही म्हणून मायकेन वर आली. कारखान्याच्या उंबऱ्यात थांबली. ताकातली पेज होती हातात. मी काही बोलायच्या आधी तिने पाटावरचा उघडा पत्रा पाहिला आणि वाडगा खाली ठेवला.

“उजवा होता,” मी म्हटलं.

“हो.”

“तुला माहीत होतं.”

ती आत आली, पिंपावर बसली. ते पिंप अजून तिथेच आहे, मी त्यात चिंध्या ठेवतो. “मी त्याची आई आहे,” ती म्हणाली. “ते बोट मी महिनाभर दुधात बुडवून बांधलंय. उजवा की डावा, ते मला चित्रात बघावं लागत नाही.”

मग तिने एकेक करून सांगितलं, आणि मी ऐकत राहिलो. दर सोमवारी ती चर्चमध्ये त्याच्या आत्म्यासाठी प्रार्थना करवते. पाद्रीबाबांना माहीत आहे, सुसानाबाईंना माहीत आहे. घाग‍ऱ्यावर डाग नव्हते. योसला तिने त्या दिवशी माझ्यामागून मानेनेच नको म्हटलं, आणि कोपऱ्यावर जाऊन सगळं पुन्हा विचारून घेतलं. झाडं किती उंच होती, जमीन ओली होती का. योस म्हणाला, माती टाकण्याआधी त्याला कसंतरी झालं, म्हणून त्याने आपली टोपी काढून, जिथे डोकं असायला हवं तिथे ठेवली. माती थेट पडू नये म्हणून. त्यानंतर त्याने टोपी घेतलेली नाही.

मी विचारलं, मला का नाही सांगितलंस?

“तुम्ही त्या दिवशी हसलात,” मायकेन म्हणाली. “मांजराच्या पिल्लाची गोष्ट सांगून. मला वाटलं, आजचा दिवस असू दे. मग पुढच्या आठवड्यात तुम्ही त्याच्या खोलीला चुना द्यायचं काढलंत. मग रोजच वाटायला लागलं, आजचा दिवस असू दे.”

म्हणजे वैद्य काही बोलला नव्हता. मी मरत नव्हतो. माझ्यासाठी कुणी रडत नव्हतं, आणि मी मात्र गेले महिनाभर स्वतःची नाडी धरून बसलो होतो.

पेज गार झाली. आम्ही दोघांनी एकाच चमच्याने खाल्ली, कारण दुसरा आणायला कुणाला उठवेना.

मग ती म्हणाली, त्याच्या अंगाचा एखादा कागद द्या मला. दुसऱ्या कुणाचं तोंड नको त्यावर. मी कपाटामागून तो बिनडोक्याचा ठसा काढला. द्यावा की नाही, हात मागेपुढे होत होता. तिने घेतला, खिडकीशी नेला, आणि छापलेली बाजू उजेडाकडे करून धरला. कागद पातळ आहे. पाठीमागून सगळं दिसत होतं. तलवार उजव्या कमरेला. लगाम उजव्या हातात.

तिने कागदावरून बोट फिरवलं नाही, ओठ लावले नाहीत. फक्त धरून उभी राहिली. तिचे हात भरून येतील म्हणून मी खालची कड धरली.

८ एप्रिल

बोट सरळ केलं. मीच केलं, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. खोल रेषा होत्या, मीच खोल केलेल्या, म्हणून फार घासावं लागलं. आकडा गेला, मग पेर गेलं, मग नख. आता तिथे माद्रिदच्या माणसाची लांब गुळगुळीत करंगळी आहे.

याआधी मला वाटायचं, ते बोट गेलं की तो भिंतीवरून जाईल. आता वाटतं, गेलेला बरा. दुसऱ्यांची डोकी खांद्यावर घेऊन तो फार बसला. पायांना मुंग्या आल्या असतील.

१७ मे

नव्या सुभेदाराची स्वारी परवा झाली. आम्ही गेलो नाही. तोफांनी काचा हादरल्या. सगळे ठसे वेळेवर गेले. चिटणिसांनी निरोप पाठवला की हात आता खरोखर राजाला शोभेसा झाला आहे, आणि बैठक तर काय, पाहणाऱ्याने पाहतच राहावं.

पत्रा सुसानाबाई आज घेऊन गेल्या, त्यांच्याकडेच राहील. तो उतरवताना जिन्यात मला दम लागला. त्या दारात थांबल्या आणि खिडकीकडे पाहिलं. मायकेनने तिथे तो ठसा चौकटीला चारी बाजूंनी पीठ लावून चिकटवला आहे, छापलेली बाजू काचेकडे. सकाळचं ऊन आलं की तो खोलीत उजळतो.

सुसानाबाई धंद्याच्या बाई. त्यांची नजर आधी चुकीवरच जाते. “चित्र उलटं लागलंय तुमचं,” त्या म्हणाल्या.



“उलटं नाही,” मायकेन म्हणाली. ती वाटाणे सोलत होती, तिने मान वर केली नाही. “तो असाच बसला होता.”